पिकअप कोणाचा खरा? स्पोर्ट्स कार आणि डिझेल सेडान यांचा हिशेब

मोटारीच्या धंद्यात गिऱ्हाईक दोन प्रश्न हमखास विचारते. ॲव्हरेज किती आणि पिकअप कसा? ॲव्हरेजचे उत्तर लिटर आणि किलोमीटर मोजून देता येते. पिकअपचे उत्तर मात्र बहुधा तोंडाला येईल तसे दिले जाते. "डिझेल आहे, खेच जबरदस्त", "पेट्रोल आहे, हवेशी बोलते" अशी वाक्ये आपण रोज ऐकतो. दोन्हींत थोडे खरे आणि थोडे अपुरे आहे.

गॅरेज, सुट्या भागांचे दुकान, टॅक्सी-टुरिस्टचा व्यवसाय, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री, यांवर आपल्यातील असंख्य कुटुंबांची रोजीरोटी चालते. गाडी घेणारा व्यापारी तीत लाखो रुपये घालतो आणि तीच गाडी घेऊन घाट चढतो. म्हणून पिकअप म्हणजे नेमके काय, हे सर्वांनी एकदा नीट समजून घेतले पाहिजे. त्यासाठी प्रथम परदेशातील दोन नामांकित गाड्या समोर ठेवू आणि मग आपल्या रस्त्यावर येऊ.

दोन गाड्या, दोन स्वभाव

पहिली होंडा कंपनीची एस २००० ही १९९९ साली निघालेली, दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. इंजिन पेट्रोलवर चालणारे, चार सिलिंडरचे, दोन लिटरचे, टर्बो नसलेले. दुसरी बीएमडब्ल्यू कंपनीची ३३० डी ही चार दारांची डिझेल सेडान. तिचे २००३ सालचे मॉडेल येथे घेतले आहे. इंजिन सहा सिलिंडरचे, तीन लिटरचे, टर्बो बसवलेले. युरोपच्या बाजारात या दोन्ही गाड्या एकाच काळात विकल्या जात होत्या. त्यांचे आकडे असे:

होंडा एस २००० : कमाल अश्वशक्ती २४० (८३०० आरपीएमला), कमाल टॉर्क २०८ न्यूटन-मीटर (७५०० आरपीएमला), वजन सुमारे १२५० किलो, शून्यापासून ताशी १०० किलोमीटर ६.२ सेकंदांत.

बीएमडब्ल्यू ३३० डी : कमाल अश्वशक्ती २०४ (४००० आरपीएमला), कमाल टॉर्क ४१० न्यूटन-मीटर (१५०० ते ३२५० आरपीएमपर्यंत), वजन सुमारे १५०० किलो, शून्यापासून ताशी १०० किलोमीटर ७.२ सेकंदांत.

कमाल वेग दोघींचाही ताशी २४० किलोमीटरच्या आसपास आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार एका लिटरमध्ये होंडा सुमारे १० किलोमीटर जाते, तर बीएमडब्ल्यू सुमारे १५.

हे आकडे वाचताच मनात एक प्रश्न येतो. डिझेल गाडीचा टॉर्क जवळजवळ दुप्पट आहे. वजन फक्त अडीचशे किलोने जास्त आहे. तरीही घड्याळ लावले की ती एका सेकंदाने मागे पडते. असे का व्हावे?

टॉर्क आणि अश्वशक्ती

टॉर्क म्हणजे पीळ. मिस्त्री लोकांना हे वेगळे सांगायला नको. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ४२ किलो वजन टांगले तर नटवर जो पीळ बसतो तो साधारण ४१० न्यूटन-मीटर. होंडाच्या इंजिनाचा पीळ त्याच्या निम्मा, म्हणजे २१ किलो टांगल्याइतका.

परंतु पीळ म्हणजे काम नव्हे. गंजलेला नट सुटला नाही तर पान्यावर कितीही जोर लावा, काम शून्य. काम किती वेळात झाले हे अश्वशक्ती सांगते. ७५ किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर उचलले तर ती एक अश्वशक्ती. विहिरीवर एक माणूस मोठ्या बादलीने सावकाश पाणी काढतो. दुसरा अर्ध्या बादलीने, पण दुप्पट चपळाईने काढतो. संध्याकाळी दोघांचे हौद सारखेच भरतात. डिझेल इंजिन मोठ्या बादलीचे आहे आणि स्पोर्ट्स कारचे इंजिन चपळ हाताचे.

हिशेबही सोपा आहे. टॉर्कला आरपीएमने गुणावे आणि ७००० ने भागावे, म्हणजे त्या क्षणी इंजिन किती अश्वशक्ती देत आहे ते ढोबळमानाने निघते. बीएमडब्ल्यू ३२५० आरपीएमला ४१० न्यूटन-मीटर देते, म्हणजे सुमारे १९० अश्वशक्ती. होंडा ७५०० आरपीएमला २०८ देते, म्हणजे सुमारे २२३. पीळ निम्मा असूनही होंडा पुढे गेली ती केवळ फेऱ्यांच्या जोरावर.

गिअरने फायदा खाल्ला

आता चाकापर्यंत येऊ. गाडी पुढे ढकलते ते चाक, आणि इंजिन व चाक यांच्यामध्ये गिअर असतो. होंडाचे इंजिन ९००० आरपीएमपर्यंत फिरते, म्हणून तिला खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवता येतो. दुसऱ्या गिअरमध्येच ती ताशी १०० किलोमीटर गाठते. डिझेल इंजिन ४००० आरपीएमनंतर दमते. तोच वेग निम्म्या फेऱ्यांत गाठायचा तर गिअर लांब ठेवावा लागतो, आणि गिअर लांब झाला की चाकावर येणारा पीळ त्याच प्रमाणात कमी होतो. सायकलला मागे लहान चकती बसवली की पायडल कमी मारावे लागते, पण चढावर दम निघतो, तसेच हे आहे.

ताशी १०० किलोमीटर वेगाला दोन्ही इंजिने आपापली कमाल शक्ती देत आहेत असे धरू. गिअरबॉक्समधील घट आणि वाऱ्याचा विरोध सोडून दिला तर होंडाची चाके गाडीला सुमारे ६५० किलोच्या जोराने ढकलतील आणि बीएमडब्ल्यूची सुमारे ५५० किलोच्या. टॉर्क दुप्पट असल्याचा फायदा गिअरने खाऊन टाकला. उरली ती फक्त अश्वशक्ती आणि वजन. होंडाला एका टनामागे सुमारे १९० अश्वशक्ती मिळते, बीएमडब्ल्यूला सुमारे १३५. घड्याळ लावून केलेल्या शर्यतीचा निकाल येथेच लागतो.

यातून एक धडा घेण्यासारखा आहे. जाहिरातीत टॉर्कचा मोठा आकडा पाहून "ही गाडी शर्यत जिंकेल" असे मानू नये. दोन वेगळ्या जातीच्या इंजिनांचे टॉर्क एकमेकांशी थेट ताडून पाहणे म्हणजे मीटर आणि गज यांचे आकडे न बदलता ताडण्यासारखे आहे.

मग डिझेल पुढे का वाटते?

वरच्या हिशेबाने होंडा फार पुढे जायला हवी होती. प्रत्यक्षात फरक एका सेकंदाचाच आहे. याची कारणे दोन.

एक म्हणजे सुरुवातीच्या काही मीटरमध्ये कोणत्याही गाडीला पूर्ण शक्ती वापरता येत नाही. तेथे टायरची पकड आणि क्लच यांचे राज्य असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कमाल शक्ती हा एका ठिकाणचा आकडा असतो. गाडी वेग घेताना इंजिन खालपासून वरपर्यंत सर्व फेऱ्यांतून जाते. डिझेलचा पीळ १५०० पासून ३२५० पर्यंत सपाट आहे, कोठेही खड्डा नाही. होंडाच्या इंजिनात ६००० आरपीएमच्या आसपास व्हॉल्व्ह उघडणारे कॅम बदलतात आणि त्यानंतरच ते खऱ्या अर्थाने जागे होते.

आता दोन्ही गाड्या रोजच्या चालवण्याप्रमाणे २००० आरपीएमला चालू आहेत असे समजू. आपल्या ७००० च्या हिशेबाने बीएमडब्ल्यूजवळ या क्षणी सुमारे ११७ अश्वशक्ती हजर आहे. होंडाने आपला कमाल टॉर्क येथेच दिला असता तरी ६० च्या आतच राहिली असती, आणि तो टॉर्क तर येथे मिळतही नाही. म्हणजे पायाखाली असलेली शक्ती डिझेलमध्ये दुपटीच्या आसपास आहे. होंडाच्या चालकाला २४० अश्वशक्ती हवी असेल तर दोन गिअर खाली यावे लागेल, इंजिन किंचाळत ठेवावे लागेल आणि पेट्रोल जाळावे लागेल. डिझेलवाल्याला फक्त पाय दाबायचा आहे.

६.२ सेकंदांचा आकडा निष्णात चालक मोकळ्या पट्ट्यावर, इंजिन शेवटच्या फेरीपर्यंत ताणून काढतो. बायकामुले मागे बसलेली असताना किंवा डिकीत माल असताना तसे कोणी चालवत नाही. म्हणून घड्याळाचा पिकअप आणि रस्त्याचा पिकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घड्याळाचा पिकअप अश्वशक्ती आणि वजनावर ठरतो. रस्त्याचा पिकअप, आपण नेहमी चालवतो त्या आरपीएमला इंजिन काय देते, यावर ठरतो.

सुस्त डिझेल इथवर कसे आले

डिझेल मोटार नेहमीच अशी नव्हती. मर्सिडीजने १९३६ साली २६० डी ही गाडी काढली तेव्हा तिचे इंजिन ४५ अश्वशक्तीचे होते. सत्तरच्या दशकातील मर्सिडीज २०० डी ५५ अश्वशक्तीची होती. तिला ताशी १०० किलोमीटर गाठायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागे. गाडी टिकाऊ, पण सुस्त. आपल्याकडील ॲम्बॅसेडरचे १४८९ सीसीचे डिझेल इंजिन तर अवघे ३७ अश्वशक्तीचे होते. पाच माणसे आणि टपावर सामान घेऊन घाट चढताना मागे लागणारी रांग जुन्या चालकांच्या स्मरणात असेल.

डिझेलला पंख फुटले ते तीन गोष्टींमुळे. पहिली टर्बो. बाहेर फेकल्या जाणाऱ्या गरम धुराने पंखा फिरवायचा आणि इंजिनात जास्त हवा कोंबायची, ही ती युक्ती. मर्सिडीजने १९७८ साली ३०० एसडी या मोटारीत ती वापरली. दुसरी गोष्ट म्हणजे डिझेलची थेट फवारणी आणि तिच्यावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. ऑडीने १९८९ मध्ये ही जोडी टर्बोसह आणली आणि अडीच लिटरमधून १२० अश्वशक्ती काढली. तिसरी कॉमन रेल. १९९७ साली अल्फा रोमियो १५६ मध्ये ती प्रथम मोटारीत आली. यात पंप डिझेलला प्रचंड दाबाने एका नळीत साठवून ठेवतो आणि कॉम्प्युटर इंजेक्टरला हव्या त्या क्षणी उघडतो.

पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, जर्मनीतील नुर्बुर्गरिंगची चोवीस तासांची शर्यत बीएमडब्ल्यू ३२० डी या डिझेल गाडीने जिंकली. २००६ मध्ये फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत ऑडीच्या डिझेल गाडीने मारली. लांब शर्यतीत पेट्रोल भरायला कमी वेळा थांबणे हेही पिकअपइतकेच मोलाचे असते, हे तेथे सिद्ध झाले.

आपल्या रस्त्यावर

ही तंत्रविद्या महाराष्ट्राच्या दारात आली ती औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) स्कोडाच्या कारखान्यातून. तेथे २००१ पासून ऑक्टाव्हिया या डिझेल सेडानची जुळणी होऊ लागली. तिचे १.९ लिटरचे इंजिन ९० अश्वशक्तीचे. आकडा काही मोठा नव्हता. परंतु १९०० आरपीएमला २१० न्यूटन-मीटरचा पीळ असल्यामुळे भरलेली गाडी चौथ्या-पाचव्या गिअरमध्येही सहज उचल खाई. "गाडी ओढते" अशी तिची ख्याती झाली ती यामुळेच.

सर्वसामान्यांपर्यंत हा अनुभव पोहोचवला फियाटच्या १.३ लिटर मल्टीजेट इंजिनाने. मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरमध्ये, टाटाच्या गाड्यांमध्ये आणि फियाटच्या स्वतःच्या गाड्यांमध्ये ते इतके सर्वत्र बसले की मोटारीच्या जगात त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हटले जाऊ लागले. सुरुवातीच्या काळातील पेट्रोल स्विफ्ट ८७ अश्वशक्तीची आणि ११३ न्यूटन-मीटरची होती. डिझेल स्विफ्ट ७५ अश्वशक्तीची, पण २००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटरची. कागदावर पेट्रोल पुढे. परंतु २००० आरपीएमला डिझेलजवळ सुमारे ५४ अश्वशक्ती तयार असते आणि पेट्रोलजवळ ३२ सुद्धा नसते. होंडा आणि बीएमडब्ल्यूची गोष्टच येथे लहान प्रमाणात दिसते.

मात्र एक खोट लक्षात ठेवावी. हेच इंजिन २००० च्या खाली आले की टर्बोला पुरेसा धूर मिळत नाही. तेवढ्या काळापुरते ते साधे, छोटे आणि अशक्त इंजिन होते. पाय दाबला तरी क्षणभर काहीच घडत नाही आणि मग एकदम झटका बसतो. हा क्षण घाटात किंवा ओव्हरटेकच्या वेळी आला तर जिवावर बेततो.

ओव्हरटेकचा हिशेब

पिकअपचा खरा उपयोग दुपदरी रस्त्यावर कळतो. दहा मीटर लांबीचा ट्रक ताशी ५० किलोमीटरने चालला आहे. तुम्ही त्याच्या मागे १५ मीटरवर आहात आणि पुढे १५ मीटर अंतर ठेवून आत यायचे आहे. म्हणजे तुमच्या गाडीची लांबी धरून ट्रकपेक्षा सुमारे ४५ मीटर जास्त कापायचे आहेत. समोरून ताशी ७० किलोमीटरने वाहन येत आहे.

दर सेकंदाला ताशी साडेतीन किलोमीटरने वेग वाढवणाऱ्या गाडीला यासाठी सुमारे साडेनऊ सेकंद लागतात. समोरचे वाहन त्या वेळात जेवढे जवळ येते ते धरले तर रस्ता किमान ३६० मीटर मोकळा हवा. दर सेकंदाला ताशी सात किलोमीटरने वेग वाढवणाऱ्या गाडीला पावणेसात सेकंद पुरतात आणि सुमारे २७० मीटर लागतात. फरक तीन सेकंदांचाही नाही, पण रस्त्यावर तो ९० मीटरचा होतो.

गाडी तीच असली तरी चुकीच्या गिअरमध्ये ती पहिल्या प्रकारात मोडते आणि योग्य गिअरमध्ये दुसऱ्या. म्हणून ट्रकच्या मागून बाहेर पडण्याआधीच गिअर खाली घ्यावा, आरपीएम २००० च्या वर आणावा आणि मगच निघावे. बाहेर पडल्यावर गिअर शोधू नये. गाडीत माल किंवा माणसे भरली असतील तर रिकाम्या गाडीचा अंदाज धरू नये. वजन वाढले की पिकअप त्याच प्रमाणात घटतो, मग गाडी कोणत्याही कंपनीची असो.

गॅरेजवाल्या बांधवांसाठी

कॉमन रेलच्या पहिल्या पिढीतच डिझेलचा दाब १३५० बारपर्यंत होता, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे १३५० किलो. पुढच्या पिढ्यांत तो याहून वाढला. इंजिन चालू असताना गळती शोधण्यासाठी नळीवर हात किंवा बोट फिरवण्याची जुनी सवय येथे घातक आहे. केसाएवढी धार कातडी भेदून डिझेल आत सोडते. जखम सुई टोचल्यासारखी किरकोळ दिसते, परंतु आतले मांस सडते आणि बोट गमवावे लागू शकते. असे घडल्यास दुखत नसले तरी ताबडतोब मोठे इस्पितळ गाठावे आणि काय झाले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती पाहायची तर पुठ्ठा धरावा. इंजिन बंद केल्यावरही दाब उतरण्यासाठी थोडा वेळ द्यावा.

दुसरी गोष्ट चिपची. कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून पिकअप वाढवून देण्याचा धंदा अनेक ठिकाणी चालतो. टॉर्क वाढतो हे खरे. पण क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो हे मूळ पीळ धरून बनवलेले असतात. जादा पिळाची किंमत पुढे तेच भाग मोजतात, आणि गिऱ्हाईक बोट दाखवते ते शेवटी हात लावणाऱ्या मिस्त्रीकडे. कामाआधी हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून ठेवावे.

जुनी डिझेल घेताना

पिकअपच्या मोहाने जुनी डिझेल घेणाऱ्याने तीन तपासण्या कराव्यात. थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावावे. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दिसली तर कारण विचारावे. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाला पाय पूर्ण दाबावा. आरपीएम चढला आणि गाडी चढली नाही तर क्लच गेलेला आहे. टर्बोच्या नळ्यांत तेल साचले आहे का आणि जोर लावताना काळा किंवा निळा धूर येतो का, हे पाहावे. टर्बो आणि इंजेक्टर यांचा खर्च निघाला तर वर्षभर डिझेलमध्ये वाचवलेले पैसे एका बिलात जातात. विकणाऱ्यानेही दोष सांगूनच गाडी द्यावी. बाजारात नाव टिकते ते यावरच.

काळही बदलला आहे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांच्या धुराचे बनावट आकडे उघडकीस आले आणि जगभर डिझेलकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. आपल्याकडे एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ नियम आले तेव्हा मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या. आता विजेवरच्या गाड्या आल्या आहेत. त्यांची मोटर पहिल्या फेरीपासूनच पूर्ण पीळ देते, त्यामुळे टर्बो जागा होण्याची वाट पाहावी लागत नाही.

इंधन कोणतेही असो, हिशेब तोच राहील. एक आकडा पाहून गाडी घेऊ नये. अश्वशक्ती किती आणि वजन किती, हे विचारावे. पीळ किती आरपीएमला मिळतो, हे विचारावे. मग घरची माणसे किंवा माल भरून, आपल्या नेहमीच्या चढावर, आपल्या नेहमीच्या गिअरमध्ये ती चालवून पाहावी. तेथे जी गाडी न ओरडता वेग घेईल, तिचा पिकअप आपल्या कामाचा.